नापास मालाची वाकळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी पुरवणीत जुन्या विज्ञान मालिकांच्या पुठ्ठ्याच्या सेटची टिंगल छापून आली, वाचून हसलो पण मग राहवेना, रात्री जेवण झाल्यावर परत स्टार ट्रेक या जुन्या अमेरिकन अंतराळ मालिकेतली ‘द मिनॅजरी’ लावली. दोन भागांची गोष्ट आहे, दोन्ही सलग बघितले. कितव्यांदा ते विचारू नका.

सेट पुठ्ठ्याचे, मान्य. पण गोष्ट जुळवली कशी ते बघा की. 1964 ला मालिकेचा पहिला नमुना भाग शूट केला, चॅनलनं नको म्हणून परत पाठवला, मग दुसरा बनवून मालिका चालू झाली आणि 1966 ला एपिसोड वेळेत तयार होईनात तेव्हा तोच नापास माल कपाटातून काढला. आता त्यातला अंतराळयानाचा कॅप्टन पाईक, म्हणजे ते काम करणारा नट जेफ्री हंटर, तर कधीच सोडून गेलेला. मग काय, पाईकला अपघात झाला म्हणायचं, भाजलेल्या चेहऱ्याचा मेकअप करून दुसराच माणूस खुर्चीत बसवायचा, बोलता येत नाही, फक्त दिवा, एकदा लागला की हो, दोनदा लागला की नाही. इकडं यानावरचा अधिकारी स्पॉक, त्यानं पाईकला जुन्या भागातल्या, जायला बंदी असलेल्या ग्रहावर न्यायला यान पळवलं म्हणून त्याच्यावर कोर्टात खटला आणि पुरावा म्हणून स्क्रीनवर काय दाखवतात, तर तो जुना भाग! आमची आजी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायची, अगदी तसं. 1967 ला ह्यूगो पुरस्कार मिळाला ओ याला.

पहिल्यांदा केबलवर बघितलेलं. दुसऱ्या भागात पाईक थकतो आणि कोर्टातला स्क्रीन बंद पडतो, आम्हाला वाटलं केबलच गेली, भाऊ पळाला गच्चीवर वायर हलवायला. आई चटणीसाठी शेंगा कुटत बसलेली, ती म्हणाली, अरे त्यांचा टीव्ही बंद पडलाय, आपला चालूय.

यावेळी नववीतला मुलगा सोबत होता. म्हणे, इतक्या पुढच्या काळात खुर्चीला एकच दिवा? अंगानं लुळे पडलेले शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग तर गालाच्या स्नायूवर अख्खी वाक्यं लिहायचे. बरोबर आहे त्याचं, मला काय उत्तर सुचलं नाही. पण शेवटी यानाचा नवा कॅप्टन कर्क पाईकला विचारतो, तुला त्या ग्रहावर जायचंय का, आणि दिवा एकदाच लागतो, तेव्हा हेच पोरगं भाकरीचा तुकडा हातात धरून गप्प बसलं होतं.

तुमच्या लेखकांना एवढंच सांगा, पहिल्या भागावर टीव्ही बंद करू नका, दुसरा पण बघा.

आपला,
एक जुना वाचक, सोलापूर