व्हॅन घेण्याआधी गॅरेज मोज

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

मोठी व्हॅन घ्यायचं तुझ्या मनात आहे, तर बुकिंगचे पैसे भरण्याआधी अर्धा दिवस गॅरेजसाठी काढ. माहितीपत्रकातली उंची दाराच्या उंचीपेक्षा कमी आहे एवढं बघून निश्चिंत होऊ नकोस. दोन्ही आकडे बरोबर असूनही गाडी अडकते. पत्रकातली गाडी सपाट जमिनीवर उभी असते, तुझी उतारावरून आत शिरणार असते.

आधी ढोबळ अंदाज घे. फियाट ड्युकाटोचं उदाहरण धर. तिचं छत तीन उंचींत येतं, सुमारे २.२५, २.५२ आणि २.७६ मीटर. सात फुटी दार म्हणजे २.१३ मीटर, त्यातून यांतलं सगळ्यात बुटकं छतही जात नाही. आठ फुटी, म्हणजे २.४४ मीटरच्या दारातून फक्त पहिलं जातं. उंच छताचीच व्हॅन हवी असेल तर घरगुती गॅरेजचा विचार बहुतेक इथेच संपतो. लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, वर घेऊन दार उंच करता येतं, पण त्यावर भिंतीचा किंवा स्लॅबचा भार असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय तिथे छिन्नी लावू देऊ नकोस.

दार मोजताना ते पूर्ण उघड आणि सगळ्यात खाली लोंबणारी वस्तू शोध. चौकटीची उंची कामाची नाही. रोलिंग शटर गुंडाळलं तरी त्याची खालची पट्टी, कुलपाची कडी आणि रबर बऱ्याचदा लिंटेलच्या खाली राहतात. आडव्या फळ्यांचं दार वर सरकून छताखाली सपाट पडतं, त्याचा कडेचा भाग आणि मोटरची मधली पट्टी ही खरी उंची ठरवतात. जमिनीपासून या वस्तूपर्यंत डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे मोज आणि सगळ्यात कमी आकडा धर. टेप जिथे चाकं जाणार त्याच रेषेत टेकव, कडेच्या नाल्यात नको. मग आत चालत जा आणि बीम, ट्यूबलाइट, पाइप, माळा यांच्याखालीही असंच मोज.

आता उतार. यावर जास्त वेळ घालव, कारण इथेच लोक फसतात. एक मीटर लांबीची सरळ पट्टी रॅम्पवर ठेव, वरचं टोक जमिनीला टेकलेलं असू दे, पाणसळ (समपातळी दाखवणारं साधन) लावून पट्टी आडवी कर आणि खालच्या टोकाखाली किती फट पडते ते बघ. दहा सेंटिमीटर पडली तर उतार दहाला एक.

रॅम्प गॅरेजकडे खाली उतरत असेल तर पुढची चाकं आतल्या सपाट फरशीवर आणि मागची अजून उतारावर, अशी एक वेळ येते. तेव्हा गाडीचा मधला भाग रॅम्प संपतो त्या खाचेवरून उचललेला असतो, आणि लिंटेल बहुधा नेमकं तिथेच वर असतं. ही उचल जास्तीत जास्त किती, याचा हिशेब सोपा आहे: पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर गुणिले उतार, भागिले चार. लांब ड्युकाटोत हे अंतर सुमारे ४.०४ मीटर आहे. दहाला एक उतारावर छत दहा सेंटिमीटर वर जातं. म्हणजे २.२५ ची गाडी त्या दाराखाली २.३५ ची होते.

रॅम्प गॅरेजकडे चढत असेल तर दगा वेगळ्या जागी असतो. गाडी उलटी, मागून आत घेतलीस की मागची चाकं चढाच्या टोकाशी पोचतात तेव्हा पुढची चाकं खाली असतात आणि शेपूट वर उचललेलं असतं. मागच्या चाकाच्या मध्यापासून शेपटीपर्यंत एक मीटर असेल तर दहाला एक चढावर छताची मागची कड दहा सेंटिमीटर उंच होते. त्या वेळी ती कड दाराच्या आत गेलेली असते, म्हणून लिंटेल वाचतं, पण आतली शटरची पेटी किंवा मोटर ठोकली जाते. चढ दाराच्या बाहेर मीटरभर आधीच संपत असेल तर लिंटेलच सापडतं. अशा गॅरेजात व्हॅन तोंडाकडून घालावी. पूर्ण उंचीचं छत पुढच्या चाकांच्या बरंच मागे सुरू होतं, त्यामुळे ते वर उचललं जात नाही. मात्र चढाच्या टोकावर पोट घासतं का ते बघ. तिथे जमिनीपासूनची उंची त्याच चार-भागाकाराच्या हिशेबाने कमी होते.

गाडीची उंची प्रत्यक्ष त्याच गाडीवर मोज. सपाट जागा, टायरमध्ये पूर्ण हवा आणि गाडी रिकामी. छतावर सरळ फळी आडवी टाक, पाणसळीने समपातळीत आण, टोकाशी ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोड आणि तिथून जमिनीपर्यंत मोज. पुढे, मध्ये, मागे, तीनदा. कॅरिअर, हवेचा पंखा, सोलर पॅनल, अँटेना धरून जे सगळ्यात उंच ते खरं. रिकामी मोजायला सांगते त्यालाही कारण आहे. सामान भरलेली गाडी स्प्रिंगवर बसते, दारातून सहज आत जाते, आत सामान उतरवलं की काही सेंटिमीटर वर येते आणि बाहेर निघताना अडकते. टायरमधली हवा कमी करून गाडी काढायचा उपाय रोज करण्यासारखा नाही. सगळा उतार धरून वर निदान पाच सेंटिमीटर उरले पाहिजेत, दहा उरले तर उत्तम.

रुंदीत फसगत आरशांची. पत्रकात बहुधा आरसे सोडून रुंदी देतात. मर्सिडीज स्प्रिंटर आरशांशिवाय २.०२ मीटर आहे, आरशांसकट सुमारे २.३५. आरसे मिटवूनच आत जायचं असेल तर आतून बटणाने मिटतात का ते विचार. दारात दोन्ही बाजूंना पंधरा-वीस सेंटिमीटर हवेत, आत मात्र चालकाच्या बाजूला साठ तरी, नाहीतर उतरता येणार नाही. सरकत्या दाराची बाजू भिंतीला लावू नकोस.

लांबी बंपर ते बंपर, त्यात मागची पायरी, टोइंगचा हूक, सायकल स्टँडही आलं. मागची दारं उघडायला आणखी ऐंशी-नव्वद सेंटिमीटर लागतात. दारासमोर गाडीच्या लांबीइतकी सरळ वाट असावी. वळत वळत शिरावं लागलं तर शेपूट उलट्या बाजूला फेकलं जाऊन चौकटीला लागतं.

शेवटी कागदावरचा हिशेब जागेवर तपास. गाडीच्या उंचीत उताराची उचल मिळव आणि तेवढ्या उंचीची काठी घे. वर गाडीच्या रुंदीइतकी आडवी पट्टी काटकोनात बांध. ती काठी दारातून आणि आतल्या फरशीवर उभी धरून, चाकांच्या रेषेत शेवटपर्यंत चालव. कुठे टेकते तिथे खडूने खूण कर. फरशीवर गाडीचा आयतही खडूने आख आणि त्याच्याभोवती फिरून बघ, कपाटं आणि दारं उघडतात का. पहिल्यांदा खरी गाडी आत घेशील तेव्हा बाहेर एक माणूस छताकडे बघत उभा कर, आणि इंजिन आत चालू ठेवून थांबू नकोस. बंद जागेत धुरातला कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वासही नसतो.

दाराची सगळ्यात कमी उंची, रॅम्पचा उतार, चाकांमधलं अंतर आणि रिकाम्या गाडीची उंची, हे चार आकडे लिहून मला पाठव. बुकिंग त्यानंतर कर.

तुझी,
आई