तुझा चिंचोका सापडला

बाळ्या,

तीन वर्षांनी लिहितोय, त्यामुळे पहिल्या शिव्या खाल्ल्या असं धरून चालतो. फोन करणार होतो, दोनदा नंबर काढला आणि ठेवला. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि हे मला एका दमात सांगायचंय. तब्येती ठीक. माझी शुगर काठावर, हिची पाठ जशी होती तशी, पोरगी दहावीला म्हणजे घरात सगळ्यांचीच दहावी. झालं.

तर आमचा डिशवॉशर बंद पडला. हस. "घरात दोन हात असताना भांड्यांना मशीन?" हे तू २०२० मध्ये म्हणालावतास, लॉकडाउनमध्ये मावशी यायच्या बंद झाल्या आणि मी मशीन घेतलं तेव्हा. ते वाक्य मी विसरलेलो नाही. आणि आता बघ, तू बडोद्यात बसून अर्ध्या गुजरातला पंप विकतोस आणि मी इथे वाकडमध्ये मुठीएवढ्या पंपासाठी आठ दिवस जमिनीवर पालथा. तुला एक फोन केला असता तर अर्ध्या तासात सुटलं असतं हे मला पहिल्या दिवशीच माहीत होतं. म्हणूनच केला नाही.

रविवारी दुपारी मशीन मध्येच थांबलं. दार उघडलं तर तळाला काळपट तेलकट पाणी, वर आमटीचा तवंग, आणि स्क्रीनवर ई-२४. पुस्तकात ई-२४ म्हणजे ड्रेनचा पाइप दुमडलाय किंवा तुंबलाय. मी लगेच प्लंबरला फोन लावला, कारण महिन्यापूर्वीच त्यानं सिंकखालचा बॉटल ट्रॅप बदलला होता. नव्या ट्रॅपला मशीनचा पाइप लावायचं जे तोंड असतं ते आतून बंद असतं, ते कापून मोकळं करावं लागतं, आणि हा बहाद्दर ते विसरला असणार अशी माझी खात्री. त्याला नको नको ते बोललो. तो बिचारा संध्याकाळी आला, ट्रॅप उघडून दाखवला, तोंड व्यवस्थित कापलेलं, महिनाभर त्यातूनच पाणी जात होतं की. एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. चहा पाजला, सॉरी म्हटलं, त्यानं चहा घेतला, सॉरी घेतलं नाही.

मग मी पाइप काढून बादलीत सोडला आणि मशीन चालू केलं. बादलीत थेंब नाही. आतून नुसतं हुं... हुं... आठवतं का, विहिरीवरची मोटर जाम झाली की तुझे नाना कान लावून ऐकायचे तो आवाज, फक्त बाळसं कमी. म्हणजे पाइप निर्दोष, लोचा पंपाच्याच आसपास. इथे शहाणा माणूस समोरून फिल्टर काढून आत बघतो. तू काय म्हणायचास, आधी बघ, मग खोल. आणि मी काय करायचो तेही तुला माहितीय, अण्णांचा रेडिओ साक्षीला आहे (आणि तो तूही खोलला होतास, एकट्या माझ्यावर ढकललंस, ते वेगळं).

कंपनीचा माणूस चौथ्या दिवशी आला. बूटसुद्धा काढले नाहीत, हुं ऐकलं, म्हणाला पंप गेला सर, साडेचार हजार. मी म्हटलं बघतो. पाठ वळल्याबरोबर आपला तो मल्टिमीटर काढला, पासोड्या विठोबाजवळ दोघांनी मिळून घेतलेला, ज्याचे माझ्याकडे अजून तुझे दीडशे राहिलेत असं तू म्हणतोस. स्विच बंद, पिन बाहेर, नळ बंद, एवढी अक्कल होती. पण पंपाच्या टर्मिनलपर्यंत पोचायला खालून पत्रा काढावा लागतो म्हणून आडवं केलं मशीन. तळातलं पाणी न काढता. सगळं पाणी खालच्या ट्रेमध्ये. त्या ट्रेमध्ये थर्माकोलचा एक फ्लोट असतो, तो पाण्यावर तरंगला की मशीनला वाटतं गळती झाली. जोडून बघितलं तर आता ई-१५, आणि पंप बंदच होईना, सारखा हुं हुं. एक बिघाड होता, मी दोन केले. घरातले सगळे जुने टॉवेल संपले. हिनं दारात उभं राहून सगळं बघितलं आणि म्हणाली, "हे यंत्र एका बाईनं काढलं, जोसेफिन कॉक्रेन, १८८६ चं पेटंट आहे तिचं, पोरीच्या प्रोजेक्टमध्ये होतं. आणि तुम्हा बापलेकांना ते बंद पाडायला एक रविवार पुरला." बापलेकांना का म्हणाली ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

कॉइल मात्र चांगली निघाली, एकशे सत्तर ओहमच्या जवळपास. जळली असती तर मीटरनं काहीच दाखवलं नसतं. म्हणजे साडेचार हजारांचा पंप धडधाकट, आत काहीतरी अडकलंय.

शेवटी पोरीनं पुस्तकाचं पान काढून नाकासमोर धरलं. दहा मिनिटांचं काम आहे रे. फिल्टर काढायचा, तळातलं पाणी वाटीनं आणि स्पंजनं उपसायचं, मग उजव्या बाजूला पंपाचं एक छोटं झाकण असतं ते चमच्यानं उचकटायचं. चमच्यानं! चित्रसुद्धा आहे चमच्याचं. झाकण निघालं, आत पांढरं इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पातं, आत बोट घालताना जपून, काच असू शकते. फिरवून बघितलं तर हलेना. धड असलं तर हातानं फिरवताना गचके लागतात, आत चुंबक असतं म्हणून, अडकल्यासारखं वाटतं पण फिरतं. हे ठार. पोरीच्या भुवया कोरायच्या चिमट्यानं ओढून काढलं.

चिंचोका.

गरम पाण्यानं साल सुटत आलेली, आणि पात्यानं घासून घासून एक बाजू पांढरी सपाट केलेली. अगदी पटासाठी आपण घाटावरच्या दगडावर घासायचो तसा. मी तिथंच फतकल मारून बसलो.

आता बघ, फिल्टर जागेवर असेल तर चिंचोका काय, तांदळाचं शीतसुद्धा पंपात जात नाही. म्हणजे कुणीतरी फिल्टर काढला होता आणि परत ठेवताना फिरवून लॉक केला नव्हता. हिला विचारलं, नाही. पोरीला मशीनचं दारसुद्धा नीट लावता येत नाही. राहिले अण्णा. अण्णा म्हणाले, मी हातसुद्धा लावला नाही रे. नजर खाली. बाळ्या, अण्णांची नजर खाली मी आयुष्यात बघितली नव्हती.

मग हिनं सांगितलं. महिनाभर चाललंय म्हणे. उष्टी ताटं तशीच मशीनमध्ये ठेवतात, कोळलेल्या चिंचेची वाटी गाळासकट आत, मग मदत म्हणून फिल्टर काढून घासतात, मग तो कशाचा ते आठवत नाही आणि कसाही टाकून देतात. परवा फिल्टर देवघरात होता, समईशेजारी. तिनं मला सांगितलं नाही, कारण मी वैतागतो. मशीन बंद पडल्यापासून रात्री अडीचला उठून सगळी भांडी हातानं घासत होते. मी एकदा उठलो होतो पाणी प्यायला, नळ अगदी बारीक सोडलेला, आवाज होऊ नये म्हणून, आणि दिवा न लावता. मला वाटलं ही आहे. परत जाऊन झोपलो.

तू नानांचं सांगत होतास तेव्हा, गॅस तसाच ठेवतात, दुपारी कोर्टात जायला निघतात, मी काय म्हणालो होतो ते तू विसरला असशील. मी नाही विसरलो. "वय झालं की होतंच रे." आणि दुसऱ्या लाइनवर फोन येतोय म्हणून ठेवला. दुसऱ्या लाइनवर कुणी नव्हतं. नानांच्या वेळी ऑडिट आहे म्हणालो, ऑडिट पुढच्या आठवड्यात होतं. हे आज लिहून टाकतो.

तर चिंचोका धुऊन अण्णांपुढे धरला. रागावून नाही, खरंच नाही, नुसता दाखवायला. त्यांनी तो उलटा केला, घासलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि एकदम जुन्या आवाजात म्हणाले, "हा बाळ्याचा. तू उचललास ना? दे त्याला परत, तो तिकडे रडत बसलाय." बाळ्या, मी एक पाऊल मागं सरकलो. वयाच्या बावन्नाव्या वर्षी. वाड्याच्या चौकात सगळ्यांदेखत कानाखाली बसली होती ती जशीच्या तशी आठवली, आणि तू खांबाआड उभा राहून रडताना बोटांतून बघत होतास तेही. सकाळी काय खाल्लं ते त्यांना सांगता येत नाही, पण चौथीतला तुझा चिंचोका लक्षात आहे.

तेव्हापासून रोज विचारतात, दिलास का. मी म्हणतो, देतो.

पुढच्या मंगळवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. तू नानांना आधी कुणाला दाखवलं होतंस, आणि गॅसचं काय केलं होतंस, ते सविस्तर लिही. स्वयंपाकघरात जाऊ नका म्हणावं का? मला म्हणवत नाही. सध्या मी रात्री त्यांच्याबरोबर ताटं खरवडतो, ते मला शिकवतात कशी खरवडायची. मशीन त्यांनाच लावायला देतो, आणि ते झोपले की फिल्टर फिरवून बघतो.

तुझं कसं चाललंय? लेकाच्या व्हिसाचं झालं का? वहिनींची बदली रद्द झाली असं ऐकलं, बरं झालं. काकूंना नमस्कार, त्या ओळखत असतील तर सांग मी विचारत होतो. दिवाळीत इकडे चक्कर टाक, नाहीतर मीच अण्णांना घेऊन येतो, गाडीत त्यांना आवडतं.

तुझा,
पिंट्या

ता. क. पंपाचं झाकण परत बसवताना टक्क असा आवाज येईपर्यंत दाबायचं, नाहीतर पुन्हा पाणी तुंबतं, मला दोनदा बसवावं लागलं. तू पंपवाला, तुला माहीतच असणार. चिंचोका खिडकीत वाटीत ठेवलाय. तो तुझा होता हे मी अजून मान्य केलेलं नाही.