आठ आसनी एस्टिमाबाबत तक्रार: अडकलेलं दार, चुकीचा बोल्ट आणि तेल पिणारं इंजिन

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग,
ऑकलंड, न्यूझीलंड

विषय: जपानहून आयात केलेली वापरलेली टोयोटा एस्टिमा, मॉडेल एसीआर५०डब्ल्यू, सन २०१०, आठ आसनी. सदोष गाडी दिल्याबद्दल तक्रार आणि दुरुस्तीची मागणी.

महोदय,

विक्रीची सगळी बोलणी आपल्याकडे मराठीतच झाली, म्हणून तक्रारही मराठीतच लिहीत आहोत. इंग्रजी प्रत सोबत जोडली आहे; पुढे ट्रायब्युनलकडे, म्हणजे गाडीविक्रीचे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, जायची वेळ आली तर ती लागेल.

गाडी घेताना गरज स्पष्ट सांगितली होती. घरात सात माणसं, त्यांत गुडघेदुखीची आजी आणि सात वर्षांखालची दोन मुलं. म्हणजे डावं सरकतं दार बटणावर उघडायला हवं आणि मधल्या रांगेत दोन चाइल्ड सीट पक्क्या बसायला हव्यात. बाकी रंग, सनरूफ, अलॉय व्हील यांचं आम्हाला काही नव्हतं. नेमक्या याच दोन गोष्टी चालत नाहीत.

आधी दाराचं. जपानमधल्या लिलावाची मूळ शीट, म्हणजे गाडीच्या तपासणीचा कागद, आम्ही गाडी घेतल्यावर मागवली. गाडीला एकूण ग्रेड साडेतीन, आतल्या भागाला सी, इथपर्यंत तुम्ही सांगितलं तेच आहे. पण शेऱ्याच्या रकान्यात तपासनिसाने हाताने लिहिलं आहे, ‘हिदारी पावासुरा फुर्यो’. हिदारी म्हणजे डावं, पावासुरा हे पॉवर स्लाइड डोअरचं लिलावबाजारातलं छोटं रूप, फुर्यो म्हणजे नादुरुस्त. तुम्ही दिलेल्या भाषांतरात या ओळीच्या जागी ‘किरकोळ ओरखडे’ असं आहे. ओरखडे आहेतच, पण ते शीटवरच्या गाडीच्या चित्रात ए१, ए२ अशा खुणांनी दाखवलेले असतात. त्यांना भाषांतर लागत नाही, या ओळीला लागत होतं.

गाडी ताब्यात दिली तेव्हा डॅशबोर्डवरचा पॉवर डोअरचा मेन स्विच बंद करून ठेवला होता. तो बंद असला की दार हाताने ओढून उघडतं आणि माणसाला वाटतं, ठीक आहे. चालू केला की दार वीतभर सरकतं, आतून कट-कट आवाज येतो आणि उलटं फिरून पुन्हा बंद होतं. कारण साधं आहे. दार ओढणारी तारेची केबल ड्रमवर गुंडाळली जाते; तिचं प्लास्टिकचं आवरण तडकलं की पाणी शिरतं, तारेचे पदर एकेक तुटतात आणि सुटलेले पदर ड्रमपाशी अडकतात. मोटरवर भार आला की यंत्रणा समजते मध्ये कुणाचा हात आला, आणि दार मागे घेते. मधल्या रुळाच्या टोकाशी मोबाइलचा टॉर्च मारून पाहा: जुन्या सायकलच्या ब्रेकच्या तारेसारखी फुललेली केबल दिसेल. तुमच्या मेकॅनिकने दोन वेळा तिथे ग्रीस मारलं. तुटलेली तार ग्रीसने जुळत नाही. मोटर आणि केबलचा संचच बदलावा लागतो. उजवं दार चालतं, हे तुमचं उत्तर आमच्या कामाचं नाही. इथे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, फुटपाथ डावीकडे येतो, आजीने उजवीकडून उतरायचं म्हणजे वाहत्या रस्त्यात उतरायचं.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. न्यूझीलंडमध्ये सातवा वाढदिवस होईपर्यंत मुलाला मान्यताप्राप्त चाइल्ड सीटमध्येच बसवावं लागतं. आमच्या दोन्ही सीट एएस/एनझेडएस १७५४ या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मानकाच्या, पुढे तोंड करून बसवायच्या आहेत. त्यांना वरचा पट्टा, म्हणजे टॉप टेदर, अडकवणं सक्तीचं आहे. तो अडकवायला बोल्ट लागतो, आणि तो बसवून देण्याचे पैसे तुम्ही बिलात वेगळे लावले आहेत. डाव्या सीटचा बोल्ट बरोबर आहे. उजव्या सीटमागचा बोल्ट साधारण दोन वेढे आत गेला आहे आणि पुढे फिरत नाही, वॉशरखाली नख सहज शिरतं. आम्ही तो काढून मोजला. छिद्राचा आटा एम८ आहे, म्हणजे ८ मिलिमीटर व्यास आणि १.२५ मिलिमीटर पिच (दोन आट्यांमधलं अंतर). बसवलेला बोल्ट मात्र ५/१६ इंच यूएनसी, म्हणजे इंची मापाच्या आट्याचा, निघाला: व्यास ७.९४ मिलिमीटर, इंचाला १८ आटे, म्हणजे पिच १.४१. जुन्या ऑस्ट्रेलियन किटमध्ये हा बोल्ट सर्रास मिळतो. हातात दोन्ही सारखेच दिसतात आणि पहिले एक-दोन वेढे धरतातही, म्हणून तर ही चूक होते. त्यानंतर पान्याने जोर लावला की आटा मारला जातो. इथे तेच झालंय. पट्टा ओढून पाहिला तर घट्ट वाटतो, पण जोराचा ब्रेक लागला तर मुलासकट सीटचा झटका दोन अर्धवट आट्यांवर येणार. योग्य बोल्ट आणून आता भागणार नाही; छिद्राचा आटाही खराब झाला आहे.

इंजिनाबद्दल. २.४ लिटरच्या २एझेड-एफई इंजिनाचा हा जुना, माहीत असलेला दोष आहे. पिस्टनच्या ऑइल रिंगमधून तेल खाली परतायची भोकं बारीक आहेत, ती काजळीने बुजतात, मग तेल वर ज्वलनकक्षात जाऊन जळतं. अमेरिकेत टोयोटाने हेच इंजिन असलेल्या काही मोटारींची वॉरंटी या दोषासाठी वाढवून दिली होती. तिथला निकष होता १,२०० मैलांना एक क्वार्ट, म्हणजे सुमारे १,९०० किलोमीटरला ०.९५ लिटर. आमच्या गाडीत डिपस्टिकवर वरच्या खुणेपर्यंत तेल भरून १,१०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा त्याच खुणेवर यायला ०.९ लिटर लागलं. मापन दोन्ही वेळा सपाट जागी, इंजिन गरम करून बंद केल्यावर पाच मिनिटांनी केलं आहे. बाहेर तेलाची गळती कुठेही नाही. ‘जुनी गाडी तेल पितेच’ असं म्हणत तुम्ही १०डब्ल्यू-४० हे जाड तेल भरून दिलंत. जाड तेलाने खप थोडा कमी दिसेल, बुजलेली भोकं उघडणार नाहीत, आणि जळलेलं तेल धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करत राहील.

जाता जाता: सर्व्हिसच्या कागदावर ‘कॅम बेल्ट बदलला’ अशी टिक आहे. या इंजिनाला कॅम बेल्ट नसतो, टायमिंग चेन असते. त्याच कागदावरच्या इतर टिकांवर आम्ही किती विश्वास ठेवायचा, ते तुम्हीच ठरवा.

नेव्हिगेशनचं एसडी कार्ड नाही, हेही शीटवर लिहिलेलं होतं. त्यामुळे बॅटरी एकदा काढल्यापासून पडदा जपानीत कार्ड मागत अडकून बसला आहे. रेडिओला लावलेला बँड एक्स्पांडर, म्हणजे इथली स्टेशनं जपानी रेडिओच्या पट्ट्यात खाली आणणारा डबा, बारा मेगाहर्ट्‌झचा आहे. जपानी रेडिओ ७६ ते ९० ऐकतो, म्हणजे इथले ८८ ते १०२ मिळतात, त्यावरची स्टेशनं नाहीत. या दोन्हींवर आम्ही भांडत नाही. इथल्या बँडचा साधा स्टिरिओ बसवून दिलात तर दोन्ही विषय संपतील.

प्रत्येक प्रश्नावर तुमच्या सेल्समनचं उत्तर ठरलेलं आहे: गाडी एन्ट्री सर्टिफिकेशन (आयात गाडीची पहिली तपासणी) पास होऊन आली आहे, वॉरंट ऑफ फिटनेस (ठरावीक काळाने होणाऱ्या सुरक्षा तपासणीचा दाखला) ताजं आहे. या तपासण्या सांगाडा, गंज, ब्रेक, दिवे, सीटबेल्ट अशा सुरक्षेच्या गोष्टी पाहतात. इंजिन किती तेल जाळतं आणि दाराची मोटर चालते का, हे त्यांच्या यादीत नाही. गाडी रस्त्यावर आणायला परवानगी मिळाली, एवढाच त्याचा अर्थ. मेकॅनिकल इन्शुरन्सकडे बोट दाखवूनही उपयोग नाही. ती पॉलिसी वेगळी आणि कन्झ्युमर गॅरंटीज ॲक्ट, १९९३ खालची विक्रेत्याची जबाबदारी वेगळी. घरगुती वापरासाठी गाडी घेणाऱ्या ग्राहकाच्या बाबतीत ‘आहे तशी’ विकली असं लिहून ती टाळता येत नाही.

आमची मागणी अशी. उजव्या टेदरच्या छिद्राचा आटा जाणकार तंत्रज्ञाकडून दुरुस्त करून एम८ बोल्ट बसवा आणि केलेल्या कामाचा लेखी कागद द्या; हे याच आठवड्यात, कारण तोवर ती सीट आम्ही रिकामी ठेवत आहोत आणि एक मूल रोज दुसऱ्यांच्या गाडीने शाळेत जातं. डाव्या दाराचा मोटर-केबल संच दहा कामाच्या दिवसांत बदला. जपानहून वापरलेला आणलात तरी चालेल, पण बसवण्याआधी त्याची केबल आम्हाला दाखवा. इंजिनासाठी तेलाच्या खपाची चाचणी तुमच्या खर्चाने तटस्थ गॅरेजमध्ये व्हावी: तेल खुणेपर्यंत भरून डिपस्टिक आणि सम्पचा (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा) नट सील करायचा, १,९०० किलोमीटर चालवायची आणि पुन्हा मोजायचं. खप निकषापेक्षा जास्त निघाला तर सुधारित पिस्टन आणि रिंग बसवा, नाहीतर गाडी परत घेऊन ११,९९० डॉलर परत करा. तेलात घालायची औषधं नकोत.

दहा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मोटर व्हेईकल डिस्प्युट्स ट्रायब्युनलकडे अर्ज दाखल करू. एक लाख डॉलरपर्यंतचे दावे तिथे चालतात. मूळ लिलावशीट, तुमचं भाषांतर, सही केलेली कन्झ्युमर इन्फर्मेशन नोटीस (विक्रेत्याने द्यायचा गाडीच्या माहितीचा कागद), तेलाच्या मापनाचे फोटो आणि काढलेला बोल्ट व्हर्नियरवर धरलेला फोटो सोबत आहे. बोल्ट मात्र आमच्याकडेच ठेवला आहे.

आपले,
एस्टिमाचे ग्राहक