भिंतीमागच्या पाण्याला वाट द्या

संपादक महोदय,

मातीचा भराव अडवणारी संरक्षक भिंत कोसळली की दोष सिमेंटला दिला जातो. भिंतीमागे काय साचले होते, हे क्वचितच कोणी विचारते. माती भिंतीला आडवी रेटते आणि हा रेटा खोलीगणिक वाढतो. त्यामुळे उंची दुप्पट केली की एकूण रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवणारा जोर आठपट! जुन्या भिंतीवर आणखी चार थर चढवणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

कोरड्या वाळूचा आडवा दाब उभ्या दाबाच्या साधारण एक तृतीयांश असतो, कारण कणाकणांत घर्षण असते. पाण्यात ते नसते. ते सर्व बाजूंनी सारखेच दाबते. भराव पाण्याने काठोकाठ भरला तर भिंतीवरचा भार दुपटीहून अधिक होऊ शकतो. मातीच्या रेट्याचे गणित फ्रेंच अभियंते कुलाँ यांनी १७७६ मध्ये प्रसिद्ध केले. तरीही भिंतीतली, मागचे पाणी बाहेर सोडणारी निचऱ्याची छिद्रे आज गिलाव्याखाली बुजवली जातात, याचे फार वाईट वाटते. छिद्रांमागे खडीचा थरही हवा, नाहीतर ती मातीने तुंबतात.

भिंत फुगलेली किंवा पुढे कललेली दिसली, तर तिच्याखाली मुलांना खेळू देऊ नका आणि अभियंत्याला लगेच बोलवा.

– एक वाचक