शेवट लपवून कथा विकली जात नाही

महोदय,

मुंबईत जाऊन ऐकवलेल्या कथा परस्पर वापरल्या जातात, अशी तक्रार करणारे सांगलीतील एका तरुण लेखकाचे पत्र गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात वाचले. तक्रार निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु निर्मात्याला कथेचा शेवट सांगूच नये, हा त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर असा प्रकार आहे. अंधेरीतील एका निर्मितीसंस्थेकडे येणारी कथानके वाचून त्यांवर अभिप्राय लिहिण्याचे काम मी काही वर्षे केले, त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

निर्मात्याला वाचायला द्यायची ट्रीटमेंट म्हणजे पटकथेच्या आधी लिहिलेले, चित्रपटासाठी साधारणपणे १०-१५ पानांचे, वर्तमानकाळातले असे गद्य, ज्यात पडद्यावर जे दिसणार आणि ऐकू येणार तेवढेच क्रमाने, शेवटासह सांगितलेले असते. ‘पुढे काय होते ते पडद्यावरच पाहा’ हे वाक्य जाहिरातीत शोभते. पैसा घालणाऱ्या माणसाला ते वाचून लेखकाला शेवट सुचलेलाच नाही असे वाटते, आणि माझ्या अनुभवात बहुतेक वेळा ते खरेही असे.

शेवट लपवण्याखेरीज दुसरा एक दोष याहून सार्वत्रिक आहे. समजा, सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवण्यासाठी जमिनीत खोदलेल्या कोठारांवर, कोणी कथा रचली. आमच्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ टिपणांच्या धाटणीने तिची सुरुवात ‘ही कथा आहे मातीशी नाते सांगणाऱ्या एका हमालाची, त्याच्या स्वप्नांची आणि संघर्षाची’ अशी होईल, आणि या वाक्यातून वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीही उभे राहणार नाही. त्याऐवजी, पेवाचे तोंड उघडले आहे, आतली हवा तपासण्यासाठी दोरीने कंदील खाली सोडला आहे, तो विझतो, व्यापारी घड्याळाकडे पाहून ‘उतर’ म्हणतो आणि हमाल घरच्या थकलेल्या उसनवारीचा हिशेब मनाशी करत दोरीला हात घालतो, असे लिहिले तर लोभ, गरज आणि भीती हे शब्द न वापरताही तिन्ही गोष्टी कळतात. (‘मनाशी करत’ हेही खरे तर खोडायला हवे, कारण कॅमेऱ्याला मन दिसत नाही, ती उसनवारी आधीच्या प्रसंगात दाखवावी लागेल. ही चूक माझ्याही हातून सहज झाली, यावरून ती किती अंगवळणी पडलेली असते हे लक्षात यावे.) २००५च्या महापुरात यांपैकी कितीतरी पेवे निकामी झाली, हे आपल्याला ठाऊक आहे, मुंबईच्या वाचणाऱ्याला नाही, त्यामुळे गावाची जी माहिती आपण गृहीत धरून गाळतो, नेमकी तीच तेथे नवी असते.

दैनंदिन मालिकेचे गणित मात्र उलटे असते. तेथे वाहिनीला कथा कशी संपते यापेक्षा ती लवकर का संपणार नाही हे जाणून घ्यायचे असते, म्हणून पात्रांच्या परस्परांतील नात्यांत कायमचा पेच कोणता आहे, हे पहिल्या पानावरच आले पाहिजे.

आता चोरीविषयी. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली नाटककार आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केले की, नुसत्या कल्पनेवर वा विषयावर कॉपीराइट नसतो, तो तिच्या मांडणीवर असतो. याचा सरळ अर्थ असा की, चहाच्या टपरीवर वा केबिनमध्ये तोंडी ऐकवलेली दोन ओळींची वनलाइन हीच सर्वांत असुरक्षित असते, आणि प्रसंग, पात्रे व शेवट यांसह लिहून काढलेली ट्रीटमेंट ही त्यामानाने सुरक्षित. विश्वासाने सोपवलेली संकल्पना परस्पर वापरण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली एका मालिकेच्या वादात मनाई कायम ठेवली, तेथेही संकल्पनेचे लेखी टिपण अस्तित्वात होते. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सदस्य होऊन लिखाणाची ऑनलाइन नोंदणी करता येते. त्या नोंदणीने कॉपीराइट मिळत नाही, तो लिहिताक्षणीच मिळालेला असतो. पण अमुक तारखेला अमुक मजकूर आपल्याकडे होता याचा पुरावा हाती राहतो. कथा कोणाला, कधी पाठवली हे दाखवणारा ईमेलही जपून ठेवावा.

आपल्याकडे तोंडी सांगण्याची ओढ एवढी का, याचे एक कारण कदाचित सांगलीच्या मातीतच असेल. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली येथे पहिले नाटक केले, तेव्हा पदे सूत्रधार म्हणत असे आणि पात्रे आपली भाषणे आयत्या वेळी बोलत. परंतु भाव्यांचे आश्रयदाते, सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन समोर बसून खेळ पाहत होते. आपल्या नवलेखकाचा आश्रयदाता कथा ऐकताना फोन पाहत असतो, आणि निर्णय बहुधा त्या खोलीत नसलेला दुसराच कोणी, कागद वाचून घेतो.

सांगलीत उन्हाळ्यात अभिनयाची शिबिरे भरतात. त्यांच्या आयोजकांनी दोन दिवस ट्रीटमेंट लिहिण्यासाठी राखून ठेवल्यास विनामूल्य शिकवायला मी तयार आहे. येणाऱ्याने आपली कथा शेवटासह लिहून आणावी, एवढीच अट राहील.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली