वीज चंद्रपूरची, नोकरी चाकणची

प्रिय बाळ्या,

तुझा तो लांबलचक मेसेज वाचला, व्हॉट्सॲपवर भांडायला मजा येत नाही म्हणून आज सुट्टीचं निवांत लिहितोय. तुझं म्हणणं, १९९१ च्या उदारीकरणानंतर दार सगळ्यांना सारखंच उघडलं, पुण्याकडच्यांनी मेहनत केली आणि आपण विदर्भवाले तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसलो. खर्र्याचं मान्य बे, बाकीचं नाही.

आधी कारखाना कुठे टाकायचा यात दिल्लीचा शब्द चालायचा. जुलै ९१ ला बहुतेक धंद्यांना सरकारी लायसन्स घ्यायची अटच गेली, मग मालक सोय बघणार ना, आणि सोय कुठे होती? पिंपरी-चिंचवडला टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि बजाजमुळे सुटे भाग बनवणारी वर्कशॉपं आधीपासून गल्लोगल्ली, न्हावाशेवा बंदर १९८९ ला चालू झालेलं, पुढे एक्सप्रेस वे पण आला. आपल्याकडे काय, तर भिलाईचा पोलाद कारखाना शेजारी, पण पोलाद वाहून न्यायचं भाडं सरकारने देशभर सारखं करून ठेवलेलं, म्हणजे भिलाईचं पोलाद नागपूरला आणि पुण्याला एकाच भावात. जवळ असण्याचा फायदा मिळायच्या वेळी मिळाला नाही, ते धोरण गेलं तोवर गाडी सुटली होती.

आणि विजेचं तर बोलूच नको. चंद्रपूर ते पडघे ७५२ किलोमीटरची थेट लाइन आहे, १९९९ पासून, १५०० मेगावॅट नेऊन भिवंडीजवळ उतरवते. कोळसा आपला, इरईचं पाणी आपलं, राख तुमच्या गच्चीवरच्या कुरडयांवर. काकू अजून वरून जुनी साडी टाकतात ना वाळवणावर? इकडे चाकणला आमच्या वेल्डिंग लाइनवर लाइट गेली तर दिवसभर त्याचीच चर्चा असते, एवढं ते लाइट जाणं दुर्मिळ.

सरकारला माहीत नव्हतं असंही नाही, १९८४ ला दांडेकर समितीने अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या विकासाची थकबाकी, मोजून दिला, ३१८६ कोटी, मग १९९४ ला तो भरून काढायला विकास मंडळं झाली, २०२० ला त्यांची मुदत संपली, कोणी रडलं पण नाही. आपले आमदार काय करत होते ते तूच सांग, तुझा अभ्यास जास्त.

बाजार वाईट असं मी म्हणत नाहीये रे, माझा पगार त्यातूनच येतो. पण आमच्या रूमवर एक लातूरचा आहे आणि दोघं धनबादचे, म्हणजे तेही कोळशावाले, चौघंही काय आळशी म्हणून घर सोडून आलो का?

दिवाळीला येतोय, ट्रॅव्हल्सवाले आत्ताच तिकिटाचे दुप्पट सांगतायत. उरलेलं भांडण तेव्हा. आणि हो, तुझ्या लहान भावाचा आयटीआयचा ट्रेड कोणता ते कळव, फिटर असेल तर आमच्याकडे अप्रेंटिसची भरती निघतेय, कागदपत्रं लगेच पाठव म्हणावं.

तुझाच,
पव्या