हातमोज्यांमुळे होणाऱ्या ॲलर्जीबाबत सूचना

सर्व परिचारिका भगिनी-बंधूंना कळविण्यात येते की, मनगटावर नेमकी हातमोज्याची कड संपते तिथे लाल पट्टा, खाज किंवा पुरळ दिसल्यास दुखणे अंगावर काढू नये. मोजे घातल्यावर काही मिनिटांतच गांधी उठणे किंवा धाप लागणे हे लॅटेक्समधील (नैसर्गिक रबरातील) प्रथिनांच्या ॲलर्जीचे लक्षण असू शकते व ते जिवावरही बेतू शकते. अशा वेळी मोजे काढून, हात धुऊन तत्काळ डॉक्टरांना गाठावे. एक-दोन दिवसांनी उठणारा इसब मात्र बहुधा रबर पक्के करताना वापरलेल्या थायुरामसारख्या रसायनांमुळे होतो, आणि अशी रसायने नायट्राइलच्या (कृत्रिम रबराच्या) मोज्यांतही असू शकतात. म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट (त्वचेवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या लावून करायची ॲलर्जीची चाचणी) करून घ्यावी. तोवर, कृपया, उघड्या हातांनी रुग्णसेवा करू नये. पर्यायी मोज्यांची लेखी मागणी प्रभारी परिचारिकांकडे करावी.